‘बंद पडेल तेव्हा आणा’

अधूनमधून होणारा बिघाड शोधता येत नाही, असे मोटारींच्या दुनियेत सर्रास मानले जाते. गॅरेजात नेली की गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते. मिस्त्री चार वेळा रेस देतो, कान लावतो आणि म्हणतो, ‘आत्ता तर ठीक आहे. बंद पडेल तेव्हा आणा.’ मालकाला तेवढा धीर नसला तर दुसरा मार्ग तयार असतो. ज्या भागावर संशय तो बदलायचा, नाही जमले तर पुढचा बदलायचा. थांबा किंवा बदला, एवढ्यात सारे शास्त्र आटोपते. ते इतके रुळले आहे की त्याला कुणी मत म्हणत नाही, अनुभव म्हणतात.

या अनुभवाचे इथे खंडन करायचे आहे. माझा पक्ष असा की, कायमच्या बिघाडापेक्षा येऊन-जाऊन असणारा बिघाड जास्त माहिती देतो. कारण तो येताना एक साक्ष देतो आणि जाताना दुसरी. कायमचा बिघाड पहिलीच देऊन गप्प बसतो. गाडी पुरती बंद पडायची वाट पाहणारा माणूस यातली दुसरी साक्ष हातची घालवतो, आणि भाग बदलत सुटणारा दोन्ही पुसून टाकतो.

वाद हवेत राहू नये म्हणून उदाहरण एकच घेतो: फोक्सवॅगनची तिसऱ्या पिढीची व्हॅन. १९७९ साली हॅनोव्हरच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. ब्रिटनमध्ये तिला टाइप २५ म्हणत, अमेरिकेत व्हॅनागॉन. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बिछाना, शेगडी, सिंक आणि वर उचलता येणारे छप्पर बसवले आणि तिची कॅम्पर झाली. अमेरिकेत ती १९९१ च्या मॉडेलपर्यंत विकली गेली. म्हणजे त्यातल्या सर्वांत धाकट्या गाडीनेही तिशी ओलांडली आहे. तरी तिच्यावर जीव टाकणारे लोक अजून तिला वाळवंटात आणि डोंगरात घेऊन जातात. १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या गाड्यांना २.१ लिटरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि डिजिफँट ही यंत्रणा मिळाली. पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी कधी टाकायची, हे दोन्ही निर्णय तिच्यात एकच इलेक्ट्रॉनिक पेटी घेते. इंजिन अगदी मागे, पेट्रोलची टाकी पुढे, बॅटरी पुढच्या आसनाखाली, आणि या सगळ्यांना जोडणारे लांबलचक वायरिंग गाडीच्या पोटाखालून गेलेले. झालेली चूक नोंदवून ठेवायची सोय त्या पेटीत नाही. अमेरिकेत अशी सोय, म्हणजे ओबीडी-टू, सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली ती १९९६ च्या मॉडेलांपासून. त्यामुळे स्कॅनर लावून उत्तर वाचायचा प्रश्नच येत नाही. इथे अनुमानच करावे लागते, आणि म्हणून वादाला ही गाडी उत्तम.

तिचा एक बिघाड इतका गाजला की त्याला ‘व्हॅनागॉन सिंड्रोम’ असे नावच पडले. हमरस्त्यावर तासभर एका लयीत चाललेली गाडी एकाएकी झटके मारू लागते. पाय दाबला तरी दम येत नाही. कडेला घेऊन किल्ली बंद करायची, पुन्हा फिरवायची, की जणू काही झालेच नाही. शहरातल्या शहरात फिरताना महिनोन्‌महिने तक्रार नसते.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा करून पाडण्यात अर्थ नाही, म्हणून पूर्ण ताकदीनिशी मांडतो. पहिला मुद्दा: जो बिघाड समोर नाही त्याची तपासणी कशी करणार? गाडी ठीक असताना मीटर लावले तर मापेही ठीकच येणार. दुसरा मुद्दा खर्चाचा. गाडी जुनी, सगळेच भाग जुने. तासाच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्या मिस्त्रीला शोध घ्यायला लावण्यापेक्षा भाग बदलणे स्वस्त पडते. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार: असे केल्याने गाड्या खरोखर बऱ्या होतात. अमुक भाग बदलला आणि त्रास गेला, असे सांगणारे मालक पैशाला पासरी मिळतील. प्रत्यक्षापुढे तर्क कशाला लढवायचा?

पहिल्या मुद्द्यातच एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली आहे. बिघाड दिसत नाही म्हणजे त्याचे कारणही त्या वेळी गाडीत नाही, असे ते गृहीतक. ते तपासायला त्या प्रसिद्ध सिंड्रोमच्या मुळाशी जाऊ. इंजिनात शिरणारी हवा मोजायला एअर फ्लो मीटर नावाचा ॲल्युमिनियमचा डबा असतो. आत एक झडप. हवेच्या जोराने ती ढकलली जाते, तिच्या आसाला जोडलेला बारीक धातूचा ब्रश एका काळ्या कार्बनच्या कमानीवरून सरकतो आणि जागेप्रमाणे व्होल्टेज बदलते. पेटीला एवढेच कळते: इतके व्होल्ट, म्हणजे इतकी हवा, म्हणजे इतके पेट्रोल. डब्यावरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण सिलिकॉनने चिकटवलेले असते. धारदार पाते फिरवून ते सोडवले की आत गुंडाळलेली स्प्रिंग, तिला ताण देणारे दातेरी चाक आणि त्या कमानीवर ब्रशने ओढलेली रेघ दिसते. जुन्या डब्यात ही रेघ सगळीकडे सारखी नसते. टोकांना ती पुसट असते, आणि मधे एका जागी, जेमतेम काही मिलिमीटरांत, कार्बन खरवडून निघालेला असतो.

ती जागा कोणती? ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास एका लयीत चालताना ब्रश जिथे थांबतो ती. वर्षानुवर्षे हमरस्त्यावर ब्रश तेवढ्याच पट्ट्यात थरथरत राहिला, म्हणून कार्बन तिथेच झिजला. आणि जिथे झिजला तिथेच संपर्क क्षणभर सुटू लागला. संपर्क सुटला की व्होल्टेज कोसळते, पेटीला वाटते हवाच कमी झाली, ती पेट्रोल तोडते आणि गाडी झटका मारते. शहरात ब्रश सतत इकडून तिकडे फिरत असतो, झिजलेल्या जागी टिकत नाही, म्हणून तक्रार नाही. रस्त्याच्या कडेला थांबून किल्ली बंद केली की झडप मिटते आणि ब्रश चांगल्या कार्बनवर येतो, म्हणून गाडी चालू. लहरी वाटणाऱ्या या बिघाडात लहर कुठेच नाही.

आणि ही झीज गाडी उत्तम चालत असतानाही जागच्या जागी असते. मीटरचा प्लग लावलेला ठेवून किल्ली चालू करा, सिग्नलच्या तारेवर काट्याचे व्होल्टमीटर लावा आणि झडप बोटाने सावकाश ढकला. काटा सरळ चढत जातो आणि झिजलेल्या जागी थरथरतो. आकडे दाखवणारे डिजिटल मीटर इथे फसवू शकते, कारण ते क्षणभराचा खड्डा सरासरीत गिळून टाकते. तेव्हा बिघाड समोर नसेल तर तपासणी होत नाही, हे म्हणणे गळून पडते. तपासायचे असते कारण. आणि कारण बहुतेक वेळा हजर असते, त्याला फक्त अनुकूल परिस्थिती मिळालेली नसते.

खुद्द फोक्सवॅगनने यावर सर्व्हिस बुलेटिन काढून एक छोटी जोडवायर दिली होती. ती मीटर आणि त्याचा प्लग यांच्या मधे बसते, आणि तिच्यातला कपॅसिटर व्होल्टेजमधले क्षणिक खड्डे भरून काढतो. मालकांनी दुसरा, बिनखर्चाचा उपाय काढला. स्क्रू सैल करून आतली पट्टी किंचित सरकवायची, म्हणजे ब्रश न झिजलेल्या कार्बनवरून धावतो. उपयोग दोन्हींचा होतो. पण जोडवायर लक्षण झाकते आणि सरकवलेली पट्टी कारणाला बगल देते, हा फरक ज्याला कळला त्यालाच पुढच्या वेळी काय शोधायचे ते कळेल.

आता दुसऱ्या साक्षीकडे येऊ. गाडी बंद पडली एवढेच मालक सांगतो. ती किती वेळात आणि काय केल्यावर सुधारली, हे त्याला कुणी विचारत नाही. वास्तविक निम्मे निदान तिथे आहे. किल्ली बंद करून लगेच फिरवताच चालू झाली, तर तापण्याशी संबंधित सगळे संशयित बाद. तापलेला धातू पाच सेकंदांत निवत नाही. मग संशय उरतो तो ढिल्या संपर्कावर, रिलेवर, एअर फ्लो मीटरवर, किंवा खुद्द किल्लीच्या स्विचवर. या गाडीत तो स्विच झिजतो, आणि किल्लीला जड जुडगा लटकत असेल तर लवकर झिजतो. दोन-चार मिनिटे थांबल्यावर सुधारली आणि थोडे अंतर काटून पुन्हा अडली, तर टाकीतला गंज फिल्टरमध्ये जाऊन बसतो आहे का ते पाहावे. पंप ओढत असतो तोवर तो जाळीला चिकटून राहतो, ओढ थांबली की खाली बसतो. पाऊण तास सावलीत उभी केल्यावरच चालू झाली, तर मात्र उष्णता खरी. अशा वेळी डिस्ट्रिब्युटरमधला, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्यातला, हॉल सेन्सर, इग्निशन मॉड्यूल आणि कॉइल हे पहिले तीन संशयित. मॉड्यूल ज्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसते तिथली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून गेली की ते विनाकारण भाजून निघते. टाकीचे झाकण उघडताच आत हवा ओढल्याचा आवाज झाला आणि गाडी सुधारली, तर टाकीची हवा घ्यायची नळी तुंबली आहे. पेट्रोल जाते त्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि पंप तिच्याशी झगडत बसतो.

याला जोड द्यावी ती बंद पडण्याच्या रीतीची. दिवा मालवावा तशी गाडी एका क्षणात गेली, तर बहुधा करंट गेला. आचके देत, दम तोडत गेली, तर बहुधा पेट्रोल कमी पडले. ज्या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा आहे तिथे आणखी एक पक्की खूण मिळते. गाडी गियरमध्ये असते, चाके इंजिनाला फिरवत असतात, तरी काटा एकदम शून्यावर पडला तर कॉइलला मिळणारा ठोका थांबला आहे. काटा हलला नाही, पण ओढ गेली, तर पेट्रोलच्या बाजूला बघा. हे सगळे कळायला एक पैशाचे हत्यार लागत नाही.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर एका लाडक्या समजाचा समाचार घेऊ. उन्हाळ्यात गाडी बंद पडली की ‘व्हेपर लॉक’ म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय आपल्याला जुनी आहे. पद्मिनीच्या काळात बोरघाटात बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओले फडके टाकलेले ज्यांना आठवते, त्यांना ते खरेही वाटेल. आणि त्या गाड्यांपुरते ते खरे होते. तिथे तापलेल्या इंजिनावरच बसलेला पंप पेट्रोल ओढून घ्यायचा. ओढीत दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळते आणि नळीत वाफ अडकते. फ्युएल इंजेक्शनच्या व्हॅनमध्ये परिस्थिती उलटी आहे. पंप इंजिनापासून दूर, गाडीखाली. इंजिनाकडची नळी साधारण अडीच बारच्या दाबाखाली. आणि लागेल त्याहून जास्त पेट्रोल पुढे पाठवून उरलेले टाकीत परत आणायची सोय. दाबाखालचे, सतत वाहणारे पेट्रोल सहजी उकळत नाही. टाकी तळाला गेलेली आणि तापलेली असेल, तर पंपाच्या ओढीच्या बाजूला त्रास होऊ शकतो, इतपत सवलत मी द्यायला तयार आहे, त्यापलीकडे नाही.

‘पण उन्हाळ्यातच बंद पडते, हे तर खरे ना?’ खरे असेल. इथे आपल्या न्यायशास्त्राची एक जुनी कसोटी कामाला येते. जिथे धूर तिथे अग्नी हे बरोबर, पण जिथे अग्नी तिथे धूर हे बरोबर नाही. लाल तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. त्या मधल्या, नजरेतून सुटलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. व्हॅनच्या बाबतीत उपाधी शोधा. उन्हाळ्यात लोक काय करतात? चार माणसे, पाण्याची टाकी, सायकली आणि आठवड्याचा शिधा भरून डोंगर चढतात. कॅलिफोर्नियात सॅन वाकीन खोऱ्यातून लॉस एंजेलिसकडे निघाले की तेहोन खिंडीची लांबलचक चढण लागते. खिंड सुमारे १,२६० मीटर उंचीवर आहे. भरलेली, जेमतेम ९५ अश्वशक्तीची गाडी तिथे मिनिटामिनिटाला सपाटीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल मागते, आणि अर्धवट तुंबलेला फिल्टर नेमका तेव्हाच उघडा पडतो. दोष उन्हाच्या माथी जातो. खरी अट असते ती पेट्रोलच्या मागणीची. दोन्ही वेगळे काढायचे असतील तर रिकामी गाडी भर उन्हात सपाटीवर पळवा आणि भरलेली गाडी थंडीच्या रात्री तीच चढण चढवा. कारण आहे तिथे कार्य, कारण नाही तिथे कार्य नाही, ही अन्वय-व्यतिरेकाची रीत पोथीतच राहावी असा काही नियम नाही.

याउलट, उष्णता हेच खरे कारण असताना ‘समोर नाही म्हणजे नाही’ या वृत्तीने काय होते, त्याचा दाखला न्यायालयात नोंदलेला आहे. फोर्डने १९८० च्या दशकात आपल्या अनेक गाड्यांत इग्निशन मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे इंजिनाच्या तापलेल्या अंगाला बसवले. ते तापले की गाडी वाहत्या रस्त्यात बंद पडे आणि निवली की पुन्हा चालू होई. गार झालेले मॉड्यूल टेबलावर तपासले तर ते निर्दोष ठरणार, हे उघड आहे. कॅलिफोर्नियातल्या मालकांनी खटला भरला. २००० साली अलामेडा काउंटीच्या न्यायाधीशांनी त्या राज्यातल्या लाखो गाड्या परत मागवण्याचा आदेश दिला आणि २००१ मध्ये तडजोड झाली. या प्रकरणाचा धडा सरळ आहे. तापल्यावर बिघडणारी वस्तू तापवूनच तपासली पाहिजे. हेअर ड्रायरने मॉड्यूल तापवायचे, गोठवणारा स्प्रे मारून निववायचे. दमट हवेत अडणाऱ्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटर कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. ढिल्या संपर्काचा संशय असेल तर इंजिन चालू ठेवून एकेक प्लग हलवायचा, रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारायची. मिस्त्रीने बिघाडाची वाट पाहायची नसते, त्याला बोलावून आणायचे असते.

मीटर ‘ठीक’ म्हणते, हा पहिल्या मुद्द्याचा उरलेला भाग. मीटरला विचारलेला प्रश्न चुकीचा असेल तर उत्तर ठीकच येणार. अर्थिंगच्या जाड तारेचे सगळे धागे तुटून एकच उरला, तरी ओहममीटर जवळपास शून्य दाखवतो, कारण तो तिच्यातून करंट असा पाठवतच नाही. हिशेब करून पाहा. इंजिनाच्या अर्थिंगमध्ये ०.०५ ओहमचा अडथळा आहे आणि त्यातून १० अँपिअर वाहतात. म्हणजे अर्धा व्होल्ट तिथेच गेला. सेन्सर पाच व्होल्टच्या मापात बोलतात, त्यात अर्धा व्होल्ट म्हणजे दहा टक्के खोटे. दिवे लावले, मागची काच तापवली, पंखा चालू झाला, की करंट वाढतो आणि खोटेपणाही वाढतो. म्हणून गाडी ‘कधीकधी’ बिघडते. या व्हॅनमध्ये बॅटरी पुढे आणि इंजिन मागे. परतीचा करंट गिअरबॉक्सला जोडलेल्या विणलेल्या पट्टीतून आणि पत्र्यातून जातो, आणि डिजिफँटची अर्थिंग डाव्या सिलिंडर हेडवर येऊन मिळते, जिथे उष्णता, तेल आणि चिखल यांचा मुक्काम असतो. तपासायचे ते करंट वाहत असताना. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारायचा. १५० अँपिअरला ०.०१ ओहमदेखील दीड व्होल्ट खातो. थंड बसलेल्या ओहममीटरला हे सात जन्मांत कळणार नाही.

आता तिसरा, वजनदार मुद्दा: भाग बदलला आणि त्रास गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण ही गाठ किती सहज पडते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा, बिघाड सरासरी दहा फेऱ्यांत एकदा येतो. तुम्ही काहीही केले नाही, तरी पुढच्या तीन फेऱ्या निर्विघ्न जाण्याची शक्यता ७३ टक्के. दहा फेऱ्या तशाच जाण्याची शक्यता ३५ टक्के. ती चार टक्क्यांवर यायला सलग तीस फेऱ्या लागतात. म्हणजे बिघाडाच्या सरासरी अंतराच्या तिप्पट अंतर कापल्याशिवाय ‘गेला’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. आणि लोक म्हणतात कधी? त्याच शनिवारी, गावाला एक चक्कर मारून आल्यावर. पूर्वपक्षाच्या हजारो साक्षीदारांतले बहुतेक या हिशेबात टिकत नाहीत. ज्यांचा बिघाड परत आला ते साक्ष द्यायला येत नाहीत. त्यांनी तोवर दुसरा भाग मागवलेला असतो.

जे हिशेबात टिकतात त्यांनाही एक प्रश्न आहे. भाग बदलताना तुम्ही आणखी काय केले? प्लग उपसला, परत दाबून बसवला. त्या ओढाताणीत पिनांवरचा गंज खरवडला गेला. संपर्क सुधारला तो त्यामुळे. श्रेय मिळाले नव्या भागाला. याची परीक्षा सोपी आहे आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. जुना भाग परत बसवा. बिघाड परत आला तर जुना भाग दोषी ठरला, नाही आला तर एक निर्दोष भाग फुकट गेला. व्यतिरेक म्हणतात तो हाच. शिवाय नवा भाग म्हणजे चांगला भाग, हेही आता गृहीत धरता येत नाही. या गाड्यांच्या मूळ भागांचे उत्पादन बरेचसे थांबले आहे आणि पर्यायी भागांचा दर्जा डोळे मिटून भरवसा ठेवण्याजोगा नाही. एका अनोळखी बिघाडाच्या शोधात दुसरा अनोळखी भाग आत घेतला, की दोन लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि तिथून पुढे देवालाही निदान होत नाही.

राहिला खर्चाचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या विचार न करता बदलाव्यात. त्या तडकल्या तर मागच्या कप्प्यात आग लागते, आणि आगीची वाट पाहून निदान करायचे नसते. डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर, प्लग, फिल्टर ठरावीक काळाने बदलणे, अर्थिंगचे सांधे घासून स्वच्छ करणे, हेही तसेच. पण ही देखभाल झाली. तिला निदान म्हणण्यात घोटाळा आहे. देखभालीने बिघाड गेला तर आनंद माना; शोध लागला असे मानू नका. आणि निदान महाग असते, हे तर साफ चूक. पंपाच्या तारेवरून एक आणि मेन रिलेच्या पुढच्या तारेवरून एक अशा दोन बारीक तारा, फ्यूज घालून, चालकासमोर आणा आणि त्यांना दोन छोटे एलईडी दिवे जोडा. बाजारात याची किंमत नगण्य. गाडी अडली की दिव्यांकडे पाहायचे. दोन्ही विझले तर किल्लीचा स्विच किंवा मेन रिले. फक्त पंपाचा विझला तर पंपाचा रिले, किंवा त्याला हुकूम देणारी पेटी, किंवा इंजिन फिरते आहे हे त्या पेटीला कळवणारा हॉल सेन्सर. दोन्ही जळत असून इंजिन मेले तर ठिणगी आणि पेट्रोलचा दाब. एका घटनेत निम्म्याहून अधिक संशयित सुटले. शेजारी एक वही ठेवा: किती किलोमीटर झाल्यावर, चढण की सपाटी, टाकी किती भरलेली, पाऊस होता का, कशी अडली, काय केल्यावर सुधारली. मिस्त्रीचा वाचलेला तास कुठल्याही भागापेक्षा स्वस्त पडतो.

पूर्वपक्षाची शेवटची मजल म्हणजे ही भानगडच नको, इलेक्ट्रॉनिक्ससकट इंजिन काढून टाका. अमेरिकेत बरेच मालक या व्हॅनमध्ये सुबारूचे इंजिन बसवतात. जास्त शक्तीसाठी बसवत असतील तर माझी हरकत नाही. चढणीवर ट्रकांनी मागे टाकण्याचा अपमान मला समजतो. पण बिघाडावरचा उपाय म्हणून तो फसवा आहे. टाकी जुनीच राहते, तिची हवेची नळी जुनी, किल्लीचा स्विच जुना, पुढून मागे येणाऱ्या तारा आणि अर्थिंग बहुधा जुनेच. दोष यांच्यातल्या एखाद्यात असेल तर तो नव्या इंजिनालाही तितक्याच इमानाने अडवेल, आणि तोवर मालकाचे हजारो डॉलर गेलेले असतील.

तेव्हा पक्ष असा ठरतो. बिघाड येतो त्या परिस्थितीची नोंद, जातो त्या वेळेची नोंद, त्यातून एकच संशयित पुढे काढणे, त्याच्यासाठी ती परिस्थिती मुद्दाम निर्माण करणे, आणि एका वेळी एकच बदल. यातूनही एखादा बिघाड सापडणार नाही. तेव्हा ‘अजून सापडला नाही’ म्हणावे. ‘गेला’ म्हणू नये. कारण दुरुस्ती झाली याचा पुरावा गाडी चालते आहे हा नसतो, ती कालही मधूनमधून चालतच होती. जुना दोष परत बसवून ज्याला तो बिघाड हुकमी परत आणता येतो, त्यानेच तो दुरुस्त केला आहे.